रंग वाळेपर्यंत

रंगाऱ्यांना मी घर रिकामं करून देत नाही. गेल्या दिवाळीआधी रत्नागिरीतल्या आमच्या फ्लॅटला रंग काढला तेव्हा ठेकेदाराने माझ्या सुनेला गॅलरीत नेऊन हळूच विचारलं, "आजींना चार दिवस कुठे पाठवता येईल का हो?" कान माझे अजून शाबूत आहेत. मी माझी खुर्ची उचलली आणि हॉलच्या मधोमध नेऊन ठेवली. सामान मध्ये गोळा करा, वर प्लास्टिक टाका, माझ्या अंगावर शिंतोडे उडाले तर उडू देत, पण मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, असं सांगून टाकलं. डोक्याला फडकं बांधून मी रंगाच्या वासात बसून राहिले आणि ती पोरं माझ्याभोवती शिडी फिरवत कामं करत राहिली. सून म्हणाली, "आई, तुमच्या हट्टापुढे देवाने हात टेकले." टेकले असतील. पण त्या हट्टामागचं कारण मी तिला कधी सांगितलं नाही, मुलालाही नाही. सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि मग चहा गार होतो. म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर पावस गावाच्या अलीकडे, गाडीरस्ता सोडून खाली उतरलं की लागणाऱ्या वाडीत. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, आतून मातीचा गिलावा, वर कौलं, म्हणजे आमचे नळे. पुढे ओटी, मग माजघर, माजघराच्या दोन अंगांना दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. घर माझ्या बाबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, बाळकाकांचं, एकत्र. वाटण्या कधी झाल्याच नव्हत्या. बाबा मी अगदी लहान असताना तापाने गेले, बाळकाका मुंबईला, त्यामुळे बारा महिने घरात राहणारी माणसं दोनच, आई आणि मी. डावीकडची खोली आमची, उजवीकडची काकांची, ती ते नसताना बंद असायची, पण आई तीसुद्धा दर आठवड्याला सारवायची. पहाटे तिच्या खराट्याच्या आवाजाने मला जाग यायची, मग विहिरीवरच्या रहाटाची करकर, मग चुलीवर पेज खदखदल्याचा आवाज. पेजेबरोबर कधी भाजलेला सुका बांगडा, कधी नुसतं कैरीचं लोणचं. वैशाखात अंगणभर ताटांमध्ये आंब्याची साठं वाळत पडायची, शेजारी आमसुलं, आणि कावळे हाकलायची कामगिरी माझ्याकडे. आई कधी माहेरीही राहायला जात नसे. "ह्या घरातनं मी आता जाणार ती चौघांच्या खांद्यावरनं," असं ती भाजी चिरता चिरता सहज बोलून जायची. माझ्या अंगावर काटा यायचा. तिला मात्र त्यात मोठं समाधान वाटत असे. नवऱ्यामागे तिच्याजवळ तिचं म्हणावं असं ते घरच होतं.

दरवर्षी गणपतीआधी आम्ही दोघी भिंतींना चुना काढायचो. शिंपल्या भाजून केलेला चुना पिंपात भिजत घातला की तो रटरट उकळायचा. निवला की त्यात नीळ आणि भाताची पेज घालायची. केवड्याची मुळं ठेचून केलेला कुंचा असायचा, त्याने हाताची कातडी सोलून निघायची. एवढं करून कोणी भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायचीच. वाडीत कोणाच्या पाठीवर पांढरा पट्टा दिसला की लोक म्हणायचे, हा वयनीकडे, म्हणजे आईकडे, चहा पिऊन आला वाटतं.

बाळकाका गोदीत बोटींना रंग मारायचे. शिमग्याला आणि गणपतीला गावी येत. त्यांच्या नखांच्या कडांना कधी लाल, कधी करडा रंग असे आणि अंगाला रॉकेलचा वास. मला तो वास फार आवडायचा. ते मला बाबांसारखे वाटत असं मी म्हणणार नाही, कारण बाबा मला आठवतच नव्हते. बाप म्हणजे काय असतं ते मी काकांवरूनच ठरवलं होतं. ते मला 'मंदे' म्हणत, खांद्यावर बसवून जत्रेत नेत, आणि मी मोठी झाल्यावरही 'पोरगी हाय, तिला काय कळतंय' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यांची बायको आणि मुलगी पमी मुंबईलाच असत, गणपतीत चार दिवस येत आणि डास चावतात म्हणून परत जात.

त्या वर्षी काका अवचित वैशाखातच आले. एसटीच्या टपावरून डबे उतरवले, पोतं उतरवलं, आणि आम्ही ते डोक्यावरून घरी आणलं.

"वयनी, यंदा घराला रंग काढायचा," ओटीवर बसतानाच त्यांनी सांगितलं. "चुना नाय हां. रंग. मुंबयसारखा."

"कशाला भावजी? चुन्याला काय झालाय?"

"जग कुठं गेला नि तू आपली चुन्यातच. माणसाची पाठ खराब होणार नाय असा रंग काढूया."

आई हसली. मला वाटतं बाबा गेल्यानंतर घरासाठी कोणी पुरुषमाणसाने काही करायचं म्हटलं ते तेव्हाच. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने चारचौघींना ऐकवलं, दीर असावा तर असा. त्या बायकांतली एकही पुढे आम्हाला ते वाक्य आठवून देण्याएवढी दुष्ट निघाली नाही, एवढं मात्र म्हणायला हवं.

"रंग काढायचा तर घर रिकामा हवा," काका म्हणाले. "भिंतीत खिळासुद्धा ठेवायचा नाय." घरामागे आमचा मांगर होता, म्हणजे पेंढा, शेणी, आंब्याच्या रिकाम्या पेट्या असलं काय काय ठेवायची कुडाची खोली. पेंढा एका कोपऱ्यात रचून आम्ही आमचं सामान तिथे नेलं. आईची ट्रंक, बिछाने, बाबांचा फोटो, धान्याची मडकी, तांब्या-पितळ्या, सगळं. काकांच्या खोलीतली खाट आणि पेटी तेवढी ओटीवर ठेवली. ओटीवर त्याहून जास्त मावत नाही, ते म्हणाले, आणि खरंच मावत नव्हतं. जात्यापाशी आई जरा थांबली. "जाता हलवू नये म्हणतात," ती म्हणाली. "मग काय जात्यामागली भिंत तशीच सोडू?" काकांनी विचारलं. आईला हसू आलं. जात्याचा वरचा दगड काकांनी उचलला, खालचा आम्ही दोघींनी. आमच्या हातांनी आम्ही आमचं बिऱ्हाड बाहेर काढलं आणि दमून अंगणात बसून कोकमाचं सरबत प्यायलो.

मग कामाला सुरुवात झाली, आणि खरं सांगते, त्या दिवसांइतकी मी आयुष्यात फार थोड्या वेळा खूश होते. भिंतीवर पाणी मारायचं, चुना भिजला की पत्र्याने खरवडायचा. दिवसभर घरात खरखर, खरखर. एकाखाली एक चुन्याचे थर निघायचे, कुठे जास्त निळीचा, कुठे पिवळी माती घातलेला. एका थराला हात लावून आई म्हणाली, "हा माझ्या लग्नातला." पापण्यांवर पांढरी धूळ बसून आम्ही तिघंही म्हातारे दिसायचो आणि एकमेकांकडे बघून हसायचो. गिलाव्याला पडलेली भोकं बुजवली. मग लांबी. खडूची पूड, अळशीचं तेल आणि शिजवलेला सरस मळून तिचा गोळा करायचा आणि पत्र्याने भिंतीला फासायचा. सरस शिजताना मेलेल्या ढोरासारखा वास सुटायचा, आई नाकाला पदर लावून परसात पळायची. "कणीक मळतंस तशी मळ," काका सांगत आणि मी मळायची. लांबी सुकली की पॉलिशपेपरने घासायची, ती कुठवर, तर गालाला लागेनाशी होईपर्यंत. हाताच्या तळव्याला घट्टे असतात, त्याला खरं कळत नाही, गाल टेकव, असं काकांनी शिकवलं होतं. मी खोलीतल्या भिंतीला वीतवीत सरकत गाल लावत जायची. "गोदीत असतीस तर चार गड्यांचा काम एकटीनं केला असतास," ते म्हणाले, आणि त्या रात्री मला आनंदाने झोप लागेना.

अस्तराचा हात मारून झाला तेव्हा आमच्या खोलीत उभं राहून त्यांनी मला विचारलं, "मंदे, ह्या खोलीला कुठला रंग मारूया?"

मला कोणी काही निवडायला सांगितलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. फ्रॉकचं कापडसुद्धा ताग्यातून निघेल ते. मी बराच विचार करून म्हटलं, "पिस्ता."

"पिस्ता काळोखा दिसतो गो. खिडकी लहान. गुलाबी मारू. गुलाबी उजेड धरतो."

त्यांनी डबा उघडला. आत गुलाबीच होता. आपल्याला विचारलं, याचाच मला एवढा हर्ष झाला होता की डबा मुंबईहून बंद आला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती भिंत मी एकटीने रंगवली. ब्रशचा एक ओघळ दिसू दिला नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मला शाळेत पाठ होती, पण दळणाऱ्याला दळताना ती आठवत नसते.

शेवटी स्वयंपाकघर राहिलं. तिथे ऑइलपेंट द्यायचा होता. "धूर लागला तर पिवळा पडेल," काका म्हणाले. "रंग वाळेपर्यंत चूल मांगरात मांड वयनी. चार दिवसांचा तर प्रश्न हाय." आईने मांगराच्या दाराशी तीन चिरे मांडून चूल केली, शेणाने सारवली. त्या सकाळी भिकूतात्या ओटीवर चहाला आले होते. हे आमच्या भावकीतले सगळ्यांत वडीलधारे, वाडीतले तंटे त्यांच्यापुढे मिटायचे. काकांनीच त्यांना सहज म्हणून बोलावलं होतं. आई काड्यापेटी शोधत होती, तेव्हा काका म्हणाले, "काडी कशाला फुकट घालवतंस? हा घे." त्यांनी घरातल्या चुलीतला रसरशीत निखारा चिमट्याने उचलला आणि करवंटीत घातला. आईने पदराने ती करवंटी धरली आणि ओटीवरून, तात्यांच्या समोरून, अंगणाला वळसा घालून मांगराकडे गेली. मागच्या दाराला नुकताच रंग लावलेला होता ना.

हे वाचताना आमच्या भागातला जाणता माणूस इथेच थांबेल. आमच्या वाडीत भाऊ वेगळे व्हायचे ते कागदावर नाही. भावकीतल्या वडीलमाणसासमोर घरात राहणारा भाऊ आपल्या हाताने चुलीतला विस्तव देतो, जाणारा तो घेतो आणि नवी चूल पेटवतो. विस्तव दिला-घेतला की झालं वेगळं बिऱ्हाड. मग तो ज्या जागी चूल पेटवतो ती जागा त्याची, मागची त्याची नाही. आईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण आमच्या घरातून विस्तव रोज बाहेर जायचा, न्हाणीच्या चुलीला जायचा, शेजारणी करवंटी घेऊन मागायला यायच्या. तिला वाटलं, तसाच हा. वेगळं व्हायला भांडण लागतं, तोंडं फिरवावी लागतात. इथे तर दीर हसत होता.

आणि एक गोष्ट तेव्हाच डोळ्यांत यायला हवी होती. त्या दिवसापासून काका आमच्याकडे जेवेनासे झाले. आईने उकडा भात आणि कुळथाची पिठी केली होती, वर खोबऱ्याची चटणी. "तात्यांकडे बोलावणा हाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तात्यांकडे. "तुला कशाला ह्या धुरात त्रास," असं म्हणत राहिले. आईला वाईट वाटलं, आपल्या हाताला चव राहिली नाही की काय असं ती मला विचारत होती. वेगळ्या चुलीवरचं जेवला असता तर चूल वेगळी कशी ठरली असती? किती विचार करून वागला असेल हा माणूस, असं मनात आलं की आजही मी ताट बाजूला सारते.

चार दिवस झाले, आठ झाले. मी जाऊन गुलाबी भिंतीला गाल लावून आले. खडखडीत वाळली होती.

"काका, वाळला रंग. सामान आणूया?"

"वरनं वाळतो गो. आतनं ओला असतो. ट्रंक टेकली की पापुद्राच निघंल."

मी विश्वास ठेवला. रंगातलं जे काही मला येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं होतं. मग पाऊस लागला आणि त्यांना आयतंच कारण मिळालं. पावसाळी हवेत कुठला रंग वाळतो? मांगराला वरून पेंढा, तो दोन ठिकाणी गळायचा, कुडातून वारा यायचा, बिछाने दमट झाले. बाबांचा फोटो आईने आंब्याच्या पेटीत पालथा ठेवला. रात्री पेंढ्यात उंदीर खुडबुडायचे. "थोडे दिवस," आई मला थोपटत म्हणायची, "मग बघ, गुलाबी खोलीत राणीवानी झोपशील."

एका दुपारी गाडीरस्त्यावर टेंपोचा भोंगा वाजला. आम्ही दोघी धावलो. टेंपोत काकी आणि पमी, आणि मागे लोखंडी कपाट, शिवणाचं मशीन, पलंग, गॅसची शेगडी, भिंतीवरचं घड्याळ. एवढं सामान घेऊन गणपतीला कोणी येत नाही, हे मलाही कळलं. काकीने आईच्या गळ्यात पडून सांगितलं, "यांची नोकरी सुटली हो वयनी. मुंबईची खोलीपण सोडली. आता इथंच कायमचा राहायचा." आईने तिचे डोळे पुसले. ती म्हणाली, "बरा झाला. घर भरला." आणि पदर खोचून सामान उतरवायला लागली. मशीन तिने आणि मी धरून आणलं. चहा तिनेच केला, मांगरातल्या चुलीवर. काकी आणि पमी तो प्यायल्या. काका म्हणाले, मला पित्त झालंय.

कपाट कुठे जातंय ते मी बघत होते. ते आमच्या खोलीत गेलं आणि माझ्या गुलाबी भिंतीला टेकलं.

"काका, रंग ओला हाय ना?" मी विचारलं.

"वाळला आता."

"कधी?"

ते कपाटाखाली लाकडाची चकती सारत राहिले. पमी पलंगावर उडी मारून बसली आणि म्हणाली, "मस्त दिसतोय गं! मला गुलाबीच हवा होता. बाबांनी तिकडे असतानाच विचारलं होतं, तुझ्या खोलीला कुठला रंग आणू म्हणून." तिच्या मनात काही नव्हतं. तिला वाटलं, मलाही माहीतच असणार.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकते. माझी नाही सरकली. मला फक्त लाज वाटली, भयंकर लाज, की हा माणूस मला गाल टेकवायला शिकवत होता तेव्हाही त्याला सगळं माहीत होतं आणि मी दात काढून हसत होते. त्यांनी आमचा केसाने गळा कापला, आणि तो केस मीच त्यांना विंचरून दिला होता.

मी मांगरात जाऊन आईला सांगितलं. "पोरीचा बोलणा," ती म्हणाली, आणि चुलीत फुंकर घालत बसली. फार वेळ फुंकत होती, चूल तर पेटलेलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रंक डोक्यावर घेतली आणि घराच्या पायऱ्या चढली. काकी दारात उभी होती, ती बाजूला झाली नाही, नुसती खाली बघत राहिली. काका आतून आले.

"वयनी, आता कशाला? तुझी चूल तर वेगळी झाली."

आई ट्रंक डोक्यावर घेऊन तशीच उभी. "काय बोलताव भावजी?"

"तात्यांना विचार."

त्या संध्याकाळी भावकी ओटीवर बसली. पुरुष सतरंजीवर, आई पायरीखाली अंगणात, मी तिच्या पाठीशी. पाऊस थांबला होता, नळ्यांवरून पाणी ठिबकत होतं. तात्या वाईट माणूस नव्हते. ते त्यांच्या हिशेबाने सरळच बोलत होते.

"विस्तव कोणी दिलान?" त्यांनी विचारलं.

"भावजींनी."

"कोणी घेतलान?"

"मी."

"चूल कोणी पेटवलीन?"

"मीच. पण तात्या, रंग ओला म्हणून..."

"ता सगळा खरा," तात्या म्हणाले. "पण मी ह्या ओटीवर बसलेला होतो. माझ्या डोळ्यांसमोर विस्तव गेला. जाता पण नेलंस तू. जाता घेऊन कोण चार दिवसांसाठी जातंय काय?"

मग कोणीतरी म्हणालं, तिला मुलगा असता तर गोष्ट वेगळी, पोरगी काय, उद्या लग्न होऊन जाईल, दोन माणसांना मांगर पुष्कळ झाला, मागली आंब्याची दोन कलमंही द्या तिला. बाकीच्यांनी माना हलवल्या. आज मला कायद्याच्या गोष्टी सांगतात, आज माझी सून म्हणेल कोर्टात जायचं. तेव्हा कोर्ट आम्हाला मुंबईपेक्षा लांब होतं.

आई काकांकडे वळली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, तिने त्यांना शिव्याही घातल्या नाहीत. मी मात्र मनात त्यांना येतील तेवढ्या शिव्या घालत होते.

"भावजी," ती म्हणाली, "नोकरी गेली, घर पुरत नाय, असा तोंडानं सांगितला असतात तर मी खोली दिली असती. एका कोपऱ्यात पडून राहिली असती मी. रंगाचा नाव कशाला घेतलात?"

काकांच्या नखांत गुलाबी रंग होता. ते तो दुसऱ्या नखाने काढत राहिले. मला वाटतं, त्यांना लाज वाटत होती. पण लाज वाटली तरी त्यांनी काही परत दिलं नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. बेकार झालेला, बायकोपोर पदरात असलेला माणूस काय करील, हे सगळं मला समजतं, मी काही दगड नाही. पण परक्याने फसवलं तर माणूस सावध होतं, आपल्याने फसवलं की माणूस जन्मभर प्रत्येक गोड बोलण्याला गाल लावून बघत बसतं.

आई शेवटपर्यंत मांगरातच राहिली. पुढे आम्ही त्याला चिरे लावले, नळे घातले, मी शिवणकाम शिकले, लग्न झालं, ते सगळं पुढचं. इथे मला त्याच वर्षीच्या गणपतीचं सांगायचं आहे. भावकीने ठरवलं होतं की गणपती एकच, तो मोठ्या घरात, आणि आईने दर्शनाला जायला कोणाची हरकत नाही. आई नऊवारी नेसली, तिने नारळ घेतला, दूर्वा खुडल्या, आणि आम्ही अंगण ओलांडून गेलो. माजघरात माणसांची गर्दी होती. रंग खरोखर सुंदर दिसत होता. समईच्या उजेडात भिंती तुळतुळीत चमकत होत्या, लोक हात लावून बघत होते, पाठ टेकून बघत होते, पाठ पांढरी होत नाही म्हणून हसत होते. काकांनी मला गर्दीत पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "हिचा काम हाय बरा का सगळा. माझ्या पुतणीचा." ते अगदी मनापासून म्हणाले, अभिमानाने. मी हात जोडले ते गणपतीला जोडले, आणि मान फिरवून घेतली.

आई इतकी वर्षं त्या घरात मोदक वळत आली होती. त्या दिवशी आत काकीच्या माहेरच्या बायका वळत होत्या. आई माजघरातून स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेली, मग थांबली आणि ओटीवर येऊन बसली. काकीने तिच्यासाठी पाट मांडला. मग चहा आणला. आमच्या घरात आम्ही चहा पितळीतूनच प्यायचो, आईने कपबशा ठेवल्या होत्या त्या पाहुण्यांसाठी. काकीने आईला कपबशीतून चहा दिला, खाली बशी, बशीत दोन बिस्किटं. चांगलं वागायचं म्हणूनच दिला असेल.

आईने कपाकडे पाहिलं. मग सगळा चहा ती सावकाश प्यायली, बिस्किटं माझ्या हातात दिली, आणि कपबशी घेऊन उठली. इतक्या वर्षांच्या सवयीने ती मागल्या दारी, मोरीकडे, धुवायला निघाली होती.

काकी पुढे झाली. "असू दे वयनी, असू दे," ती मायेने म्हणाली. "तू कशाला धुतंस? ठेव तिथंच. मी बघते."

आईने माजघराकडे एकदा पाहिलं. मग कपबशी पाटाजवळ खाली ठेवली, पदराने ओठ पुसले आणि माझा हात धरला.

"चल गो मंदे," ती म्हणाली. "लोकांच्या घरी फार वेळ बसू नये."